पांढरा जिंकत होता

४ फेब्रुवारी, गुरुवार

आज सकाळी प्रार्थनेवरून उठलो आणि पहिलं काम केलं ते हे की टेबलाच्या मागच्या दोन पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारल्या. चार दिवस बघतोय, मारलेलं प्यादं पटाबाहेर आडवं ठेवलं की ते हळूच घरंगळतं, खाली पडतं, आणि फरशीवरून थेट मागच्या खोलीत जाऊन आईच्या कॉटखाली भिंतीला टेकतं. दर वेळी तिथेच. आई म्हणाली, तुझ्या शिपायाला माझा लळा लागलाय बरं का. टेबल जुनं आहे. लाकूड म्हटलं की थोडंफार वाकायचंच.

घड्या घातल्यावर प्यादं जागेवर राहिलं. दिवसाची सुरुवात चांगली झाली.

आजपासून रोज लिहायचं, कारण हातात घेतलेलं काम मोठं आहे. गावची शाळा सोडताना गुरुजींनी मला डावांचं एक पुस्तक दिलं होतं. कव्हर तेव्हाच गेलेलं. त्यातला शेवटून दुसरा डाव मी गेली कित्येक वर्षं मांडतोय. पांढऱ्याकडे दोन प्यादी जास्त. राजा कोपऱ्यात, किल्ल्यात, सुखरूप. आणि एकतिसाव्या खेळीला या शहाण्याने काय करावं? राजा उचलला आणि किल्ल्याबाहेर उघड्यावर काढला. मग काळ्याच्या वजिराने त्याला शह दिला, पुन्हा शह दिला, देतच राहिला, आणि डाव बरोबरीत सुटला. पुस्तक म्हणतं, आदर्श बरोबरी. मी म्हणतो, हातचा डाव घालवला. राजा जिथे होता तिथे बसला असता तर पांढरा जिंकत होता. निदान तीन ठिकाणी जिंकत होता.

वाचनालयाच्या हॉलमध्ये आमचं बुद्धिबळ मंडळ दर रविवारी जमतं. २८ तारखेला तिथे सगळ्यांसमोर हे सिद्ध करून दाखवणार असं मी जाहीर केलंय. टाळ्या पडल्या नाहीत, पण लोक विचारात पडलेले दिसले.

६ फेब्रुवारी, शनिवार

मागचं दार लागत नाही. खालून घासतं. हिने सकाळी हाक मारली, अहो, बघा जरा. बघितलं. रंधा घेऊन खालची कड तासली. लागलं. लाकूड फुगतं या दिवसांत. ही म्हणाली, या दिवसांत लाकूड सुकतं. बायकांना वादाची हौस.

शेजारी नवी इमारत होणार आहे म्हणून खड्डा खणलाय. आईच्या खोलीच्या भिंतीला लागून. चांगला खोल आहे. खाली पाणी लागलं, म्हणून पंप लावलाय, तो दिवसभर घरघरतो आणि पाणी गटारात सोडतो. ही गटाराशी उभी राहून बघत होती. मला म्हणाली, पाणी गढूळ येतंय. म्हटलं, खड्ड्यातलं पाणी गढूळच असणार. म्हणाली, पाणी आपलं आपण गढूळ होत नाही, कुणाची तरी माती घेऊन जातंय ते.

हिचं शिक्षण माझ्याहून दोन इयत्ता जास्त. त्याचा असा उपयोग.

पंपाची घरघर विचाराला बरी पडते. पटावरची सोंगटी मात्र थरथरते.

८ फेब्रुवारी, सोमवार

संधी क्रमांक एक सापडली. राजा कोपऱ्यात ठेवायचा आणि प्यादं सरळ पुढे रेटायचं. काळा काय करणार?

संध्याकाळी खाली सलूनमध्ये जाऊन सांगितलं. तळमजल्यावर सलून, मध्ये आम्ही, वर शिंपी आणि त्याची बायको, एवढीच आमची इमारत. सलूनवाला मंडळात येतो, बरा खेळतो, पण त्याच्या फोनमध्ये बुद्धिबळाचं यंत्र आहे, त्यामुळे त्याची बुद्धी गहाण पडलीय. त्याने माझी दाढी अर्धी ठेवून फोनवर डाव मांडला. फोन म्हणाला, काळ्याचे दोन उंट. एकाचा तिरपा रस्ता बरोब्बर त्या कोपऱ्यावर येतो, दुसऱ्याचा त्याच्या शेजारच्या घरावर. चार खेळ्यांत मात.

मी वजनकाटे दुरुस्त करतो म्हणून सलूनवाला मला काटेवाले म्हणतो. म्हणाला, काटेवाले, तुमचा राजा बसल्या जागी मेला.

म्हटलं, यंत्राला संयम नसतो. तो म्हणाला, संयम तुमच्या राजाने दाखवला की, कुठे गेलाच नाही. बाकावर वाट बघणारं गिऱ्हाईक हसलं.

त्याचा मोठा आरसा तिरका टांगलाय. सांगितलं तर म्हणाला, आरसा सरळ आहे, परवाच दोरा सोडून बघितलाय. मग तिरकं काय आहे ते तुम्हीच सांगा, तुमचा धंदा आहे. अर्ध्या दाढीने माणूस वाद घालू शकत नाही.

१० फेब्रुवारी, बुधवार

शिंपी गेला. सकाळी टेम्पो आला, दोन शिलाई मशिनं, कपाट, बोचकी, आणि शेवटी बायको पुढे बसली. मी जिन्यात भेटलो. म्हटलं, अचानक? तो म्हणाला, अचानक कुठलं, दोन आठवडे झाले, कापड कापायला टाकलं की कात्री आपोआप भिंतीकडे जाते.

घाबरट माणूस. प्रत्येक डावात असं एक प्यादं असतंच, ते गेल्याने डाव बिघडत नाही. उलट वरचं वजन कमी झालं, इमारतीला आराम.

हिने बराच वेळ टेम्पोकडे बघितलं. मग म्हणाली, आपण? मी म्हटलं, आपण घाई करणार नाही. आईला या वयात हलवणं बरं नव्हे. ही म्हणाली, आईंना बाकी काही नाही हो, जिना उतरायला गुडघे साथ देत नाहीत एवढंच. तुम्ही पाठीवर घेतलं तर पाच मिनिटांचं काम. म्हटलं, विषय गुडघ्यांचा नाही, मनाचा आहे. तिचं मन इथे रमलंय.

१३ फेब्रुवारी, शनिवार

धान्याच्या गोदामात मोठा काटा दुरुस्त करायला गेलो होतो. मालक ओरडत होता, तीन वेळा वजन केलं तरी तीन आकडे. मी काट्याला हातच लावला नाही. पिशवीतून पाणसळ काढली, जमिनीवर ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा एका बाजूला पळाला. मालकाला बोलावून दाखवला. म्हटलं, शेठ, काटा खोटं बोलत नाही, जमीन बोलते. बुडबुडा मध्यावर नसेल तर त्या जागेवर केलेलं कुठलंच माप धरायचं नाही. आधी खालचं बघावं, मग वरचं.

चांगलं बोललो. मालकाने मान डोलावली.

घरी येऊन हिला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, ती बुडबुड्याची बाटली आहे ना पिशवीत, ठेवा की आईंच्या खोलीत. मी म्हटलं, ते कामाचं अवजार आहे. घरात घरासारखं वागावं. ती म्हणाली, लोकांच्या घरी सोवळं आणि स्वतःच्या घरी ओवळं. देवासमोर बसलो. देवाला म्हटलं, तूच यांचं रक्षण कर. सगळा भार त्याच्यावर टाकला की मन हलकं होतं.

संधी क्रमांक दोन जवळजवळ सापडली आहे.

१५ फेब्रुवारी, सोमवार

मेहुणा आला. हिनेच बोलावलं असणार, दोघं भाऊबहीण दारातच कुजबुजत होते. आत आला तर बूट काढताना भिंतीला धरून उभा राहिला. म्हणाला, भाऊजी, तुमच्या घरात चालताना उतारावरून चालल्यासारखं वाटतं. म्हटलं, तुला चक्कर येत असेल, तपासून घे.

तो म्हणाला, तळमजल्याची खोली रिकामी केलीय, आईंना जिना नको, तुम्ही सगळे या. नीट बोलला. मी मात्र ओळखलं. ही बरोबरीची ऑफर आहे. जिंकत असताना समोरचा हात पुढे करतो, आणि कच्चा खेळाडू तो हात धरतो. शिवाय मेहुण्याच्या घरी राहणं! आयुष्यभर त्याच्या चहाला गोड म्हणत बसायचं.

म्हटलं, तुझ्या मनाचा मोठेपणा आहे, पण आईचं मन लागणार नाही. तो मागच्या खोलीत गेला आणि आईशी बोलून आला. तोंड पडलेलं. म्हणाला, खरंच, नाही म्हणाल्या.

बघ, म्हटलं.

ही मेहुण्याला सोडायला खाली गेली ती बराच वेळ वर आली नाही. खिडकीतून बघितलं तर दोघं गटाराशी उभे.

१७ फेब्रुवारी, बुधवार

जिंकलो!!!

संधी क्रमांक दोन. राजा कोपऱ्यात, हत्ती त्याच्या शेजारी राखणीला. खूप पुढे जाऊन काळ्याचा राजा असा कोंडला जातो की त्याला एकही घर उरत नाही, प्यादी अडलेली, हलवायला काही म्हणता काही नाही. खलास. आनंदाने आईला उठवलं. ती म्हणाली, जिंकलास? बरं झालं. आता काय करायचं? म्हटलं, आता रविवार. २८ तारीख.

हिला सांगितलं. ती मागच्या दाराशी उभी होती. दार पुन्हा लागत नाहीये. म्हणाली, अभिनंदन, रंधा कुठे ठेवलात?

१८ फेब्रुवारी, गुरुवार

जिंकलो नाही.

सलूनवाल्याने बघितलं आणि विचारलं, काळ्याच्या राजाला शह आहे का? म्हटलं, शह नाही, पण जागाही नाही. म्हणाला, मग ही बरोबरी. मी म्हटलं, कसली बरोबरी, हलता येत नाही तो हरला. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, हा नियम कुठला? म्हटलं, आमच्या गावचा. आम्ही शाळेच्या ओट्यावर खेळायचो, ज्याला हलता येत नाही तो हरला, आणि शाळा सुटेपर्यंत त्याने ओट्यावर उभं राहायचं. सलूनवाला म्हणाला, काटेवाले, तुम्ही पन्नाशीला आलात. तुमच्या गावाबाहेर हा नियम नाही हो. इथे हलता न येणाऱ्याला कोणी हरला म्हणत नाही. तो नुसता बसून राहतो.

माझ्या मते गावचाच नियम न्यायाचा आहे. पण २८ तारखेला चालणार नाही.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठून संधी क्रमांक तीन. देव परीक्षा बघतो ती देण्यासाठीच.

२० फेब्रुवारी, शनिवार

आज पालिकेचा इंजिनियर येऊन गेला. सलूनवाल्याने अर्ज केला म्हणे. सलूनच्या मागच्या भिंतीत तिरपी चीर आहे, तीच वर आमच्याकडे आईच्या कॉटमागून गेलीय. मला माहीत होती. मी तिथे कॅलेंडर लावलं होतं. त्याने कॅलेंडर काढलं आणि चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवली, खाली एक, आमच्याकडे एक. म्हणाला, ही तुटली की समजायचं भिंत चालतेय. मग थांबायचं नाही. जिन्यात नोटीस लावून गेला. शक्य तितक्या लवकर जागा सोडावी, वगैरे. सरकारी भाषा नेहमी घाबरवणारीच असते. सोडावी असं लिहिलंय, सोडाच असं नाही.

आईने विचारलं, ती काच कशाला रे? म्हटलं, शोभेला. आई म्हणाली, छान आहे.

२१ फेब्रुवारी, रविवार

मंडळात गेलो नाही. सगळं लक्ष संधी क्रमांक तीनवर.

सलूनवाल्याने खुर्च्या हलवल्या. कोपऱ्यावरच्या दुकानात भाड्याने जागा घेतली. जाताना वर आला, चहा घेतला. त्याची काच काल संध्याकाळी तुटली. म्हणाला, टक् असा आवाज आला, गिऱ्हाईक खुर्चीतून साबणासकट पळालं. मी म्हटलं, डिंक खराब असेल. तो म्हणाला, डिंकाने काच तुटत नाही हो, सुटते. मग कप खाली ठेवला. कप बशीत सरकला. दोघांनी बघितलं.

निघताना म्हणाला, आजीसाठी तरी. मी म्हटलं, तिच्यासाठीच तर थांबलोय.

आता इमारतीत आम्ही तिघंच. शांत वाटतं. शांततेतच संधी सापडते.

२२ फेब्रुवारी, सोमवार

आमची काच तुटली. सकाळी मी प्रार्थनेला बसलो असताना. आवाज लहानसाच होता, बांगडी वाढवल्यासारखा.

ही काही बोलली नाही. बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं, दोन-तीन चांगली तयार होती. तिने आईचं अंथरूण उचललं आणि पुढच्या खोलीत टेबलाशेजारी लावायला घेतलं. आई उठेना. म्हणाली, मी माझ्या जागेवर बरी आहे. ही म्हणाली, आई, भिंत पडतेय. आई म्हणाली, पडत असती तर तो इथे बसला असता का? तो काट्याचा माणूस आहे. लोकांच्या जमिनी मोजतो. आपल्या घरात मोजलं नसेल होय त्याने? मोजलंय त्याने. म्हणूनच निवांत आहे.

मी दारात उभा होतो. आईने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, मोजलंयस ना रे?

म्हटलं, ते काय सांगायचं असतं.

ही माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं बघितलेलं आठवत नाही. रागाने बघते त्याची मला सवय आहे. हे रागाचं नव्हतं.

दुपारी कामावर एक साधा दुकानातला तराजू होता, तो दोनदा चुकवला. साहेबाने विचारलं, बरं नाही का? म्हटलं, डावाचा विचार चालू होता.

२४ फेब्रुवारी, बुधवार

सापडली. संधी क्रमांक तीन. या वेळी गावचा नियम वगैरे काही नाही, चक्क, सरळ, जगाच्या नियमाने.

राजा कोपऱ्यातून हलवायचाच नाही. हत्ती एक घर पुढे. काळ्याच्या एका उंटाचा रस्ता कोपऱ्यावर येतच नाही! इतकी वर्षं येतो असं मानत होतो, फोनही मानत होता, पण पटावर डोळ्यांसमोर दिसतंय की येत नाही. उंट अडून बसलाय. मग प्यादं धावतं, वजीर होतो, मात. दहा वेळा खेळून बघितलं. दहाही वेळा पांढरा जिंकला. देवासमोर बसलो तर डोळ्यांत पाणी आलं. त्याने बसून राहणाऱ्याचं ऐकलं.

हिला म्हटलं, रविवार होऊ दे, मग बघू तुझ्या भावाकडे जायचं की काय ते. आता मी सवलत देऊ शकतो, जिंकलेल्या माणसाला ते शोभतं. ती म्हणाली, रविवार आला तर. तिची एक पिशवी दाराशी भरून ठेवलेली आहे. विचारलं नाही. बायका सुट्टीच्या आधी अशीच तयारी करतात.

आज गटाराचं पाणी दुधाच्या चहासारखं येत होतं. पंपवाला मुकादम खड्ड्याच्या कडेला उभा राहून आमच्या खिडकीकडे बघत होता. मी हात केला. त्याने हात केला नाही.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पटाचा फोटो काढून सलूनवाल्याला पाठवला. जरा मिरवायचं म्हणून. लगेच त्याचा फोन. मला वाटलं अभिनंदन.

तो म्हणाला, काटेवाले, काळ्याचे दोन्ही उंट पांढऱ्या घरांवर कसे?

म्हटलं, असतील. तो म्हणाला, असूच शकत नाहीत. एक उंट पांढऱ्या घरांवरून चालतो, दुसरा काळ्या. जन्मात रंग बदलत नाहीत. तुमचा एक उंट सरकलाय. कुणी सरकवला?

पटाकडे बघितलं. खरंच. उजवीकडचा उंट शेजारच्या घरात बसला होता, आईच्या खोलीच्या बाजूच्या. त्या उंटाच्या तळाची मखमल कधीच गेली आहे. मी बघत उभा राहिलो. खाली पंपाची घरघर चालू होती. उंट थरथरत होता. आणि थरथरत, थरथरत, केसभर, पुढच्या घराकडे सरकत होता. मी हात लावला नव्हता. पुठ्ठ्याच्या घड्या जागेवर होत्या.

तिसरी संधी मला घराने काढून दिली होती.

सलूनवाल्याने खरी मांडणी फोनवर लावली आणि सकाळभर यंत्र चालू ठेवलं. दुपारी सांगितलं. राजा कोपऱ्यात ठेवून पांढरा काहीही खेळला तरी हरतो. सगळीकडे हरतो. एकच खेळी आहे जिने तो वाचतो, राजा बाहेर काढायचा, उघड्यावर, शह खात खात, आणि बरोबरी घ्यायची. जी त्याने घेतली. तो म्हणाला, तुमचा पांढरा कधी जिंकतच नव्हता हो. त्याला ते कळलं होतं. म्हणून निघाला.

फोन ठेवला. मग कामाची पिशवी ओढली आणि पाणसळ काढली. आईची खोली. आई डोळे मिटून पडली होती. कॉटशेजारी फरशीवर ठेवली.

बुडबुडा टोकाला गेला आणि तिथेच राहिला. टोकं फिरवून ठेवली. नळीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे खोलीच्या त्याच बाजूला गेला. मी गोदामातल्या मालकाला इतकंच दाखवलं होतं, पण तिथे बुडबुडा असा थेट टोकाला भिडला नव्हता.

कॉटचे मागचे दोन पाय भिंतीपासून लांब गेलेत. म्हणजे कॉट नाही गेली. भिंत गेली.

आईने डोळे न उघडता विचारलं, काय करतोयस? म्हटलं, मोजतोय. म्हणाली, बरं.

उद्या सकाळी.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळ

सकाळी प्रार्थनेला बसलो नाही. उठलो आणि आईला म्हटलं, चल. तयारीत होतो की ती नाही म्हणणार, मन रमलंय म्हणणार, मी समजूत घालणार. ती म्हणाली, मोजलंस? म्हटलं, मोजलं. म्हणाली, मग चल. आणि उशीखालून गाठोडं काढलं. बांधलेलं. दोन लुगडी, चष्मा, औषधं, देवाचा लहान फोटो. गाठ अशी घट्ट बसलेली की आज-काल मारलेली नव्हती.

पाठीवर घेऊन जिना उतरलो. ही पुढे पिशव्या घेऊन, एकेक पायरी बघून सांगत होती, इथे, आता इथे, ही सोडा, हिचा कोपरा गेलाय. वजन काहीच नव्हतं. काट्याच्या माणसाला वजन कळतं. नोटिशीपर्यंत आलो तेव्हा मी विचारलं, गाठोडं केव्हा बांधलंस? ती माझ्या कानाशीच होती. म्हणाली, शिंपी गेला त्या दिवशी.

म्हटलं, मग एवढे दिवस नाही का म्हणत होतीस? मेहुणा आला तेव्हा? ही अंथरूण उचलत होती तेव्हा?

म्हणाली, मी गेले असते तर ही पण आली असती माझ्यामागे. मग तू एकटा राहिला असतास तिथे, पट मांडून. मी होते म्हणून तू निदान मागच्या खोलीत डोकावत तरी होतास. तुझ्यासाठी थांबले होते रे. तू माझ्यासाठी थांबलायस असं सगळ्यांना सांगत होतास, ते ऐकून हसू यायचं.

खाली उतरलो. रस्त्यावर आल्यावरही बराच वेळ तिला खाली ठेवायचं सुचलं नाही. हीच म्हणाली, अहो, रिक्षा थांबलीय, आता सोडा त्यांना.

मेहुण्याकडे पोचलो. तळमजला, खिडकीशी कॉट, चादर अंथरलेली, उशाला पाण्याचा तांब्या. मेहुणा टोमणा मारेल म्हणून मी दोन उत्तरं तयार ठेवली होती. त्याने मारला नाही. नुसतं म्हणाला, कॉट पंधरा तारखेपासून लावलीय, धूळ झटकतो जरा. आईला चहा दिला. आई म्हणाली, गोड आहे. मलाही दिला. मी पण गोड म्हणालो.

चारच्या सुमाराला सलूनवाल्याचा फोन आला. मागची भिंत गेली. आवाजही फारसा नाही झाला म्हणाला, बसणारं जनावर बसतं तशी खड्ड्यात बसली. कोणी नव्हतं. मागची खोली रस्त्यावरून दिसतेय, अर्धी फरशी आहे, अर्धी नाही, कॉट काठावर लटकलीय. त्याने विचारलं, ऐकताय ना? म्हटलं, ऐकतोय. म्हणाला, रविवारी मंडळात काय सांगणार? मी म्हटलं, बरोबरी झाली म्हणून सांग. मी येत नाही.

खरं तर दुपारपर्यंत टिकली हे माझ्या अंदाजाच्या फार विरुद्ध नाही, मी रविवार म्हटलं होतं, थोडक्यात चुकलं... असं हिला सांगायला तोंड उघडलं होतं. ती आईचे पाय दाबत बसली होती. तिने वर बघितलं. मी तोंड मिटलं.

आत्ता मेहुणा दारात येऊन गेला. सगळं सामान ओसरीत तसंच पडलंय, पिशव्या, दोन पेट्या, माझ्या पुस्तकांचं खोकं. त्याने विचारलं, भाऊजी, सामान सोडू, की बांधलेलंच राहू दे?

म्हटलं, सोड.